सहा तास, चाळीस हजार रेणू

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, राली शहरात, कोलॅबोरेशन्स फार्मास्युटिकल्स नावाची एक छोटी कंपनी आहे. मोठ्या औषध कंपन्या ज्यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत अशा दुर्मीळ आणि दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणं हे तिचं काम. हजारो संयुगं प्रयोगशाळेत बनवायची आणि एकेक तपासत बसायचं, एवढा पैसा नि वेळ अशा कंपनीकडे नसतो. म्हणून आधी संगणकावर चाळणी लावायची आणि तिच्यातून उरतील तेवढीच संयुगं पुढे न्यायची, अशी तिची पद्धत. २०२१ साली तिला स्वित्झर्लंडमधल्या एका परिषदेचं निमंत्रण आलं. भाषणाची तयारी म्हणून कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी आपलं औषध शोधणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल एकदा विष शोधायला लावलं. सहा तासही उलटले नव्हते, तोवर कंपनीतल्याच सर्व्हरवर चाळीस हजार रेणूंची यादी तयार झाली होती. त्या यादीत व्हीएक्स होतं. व्हीएक्स म्हणजे माणसाने आजवर बनवलेल्या सर्वांत जहाल रासायनिक अस्त्रांपैकी एक.

मार्च २०२२ मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केलं. लेख अवघ्या तीन पानांचा. लेखक चार: फाबिओ अर्बिना आणि शॉन एकिन्स हे कंपनीचे, फिलिपा लेंत्झोस लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या, आणि सेड्रिक इन्व्हर्निझी परिषद भरवणाऱ्या स्विस प्रयोगशाळेचे.

प्रगत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांचा विषय निघाला की मला हेच प्रकरण आधी मांडावंसं वाटतं. इथे यंत्राला स्वतःची इच्छा नव्हती. ते कुणावर उलटलं नाही, त्याने कुणाला फसवलं नाही, सांगितलेलं काम चोख केलं. चालवणारी माणसंही सज्जन आणि जबाबदार होती. तरीही जे घडलं ते घडलं, आणि म्हणूनच या प्रकरणातून धोका नेमका कुठे असतो हे स्वच्छ दिसतं.

प्रश्न कुणी विचारला

श्पीत्स हे थून सरोवराच्या काठचं गाव. अणू, जैविक आणि रासायनिक धोक्यांपासून संरक्षणासाठी स्विस सरकार चालवत असलेली प्रयोगशाळा तिथे आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरी शहरात नोव्हिचॉक हे विष वापरून हल्ला झाला, तेव्हा नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये श्पीत्सही होती. दर दोन वर्षांनी ती एक परिषद भरवते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि त्यांच्या आधाराने वाढणारं तंत्रज्ञान कुठे चाललं आहे, आणि त्यामुळे रासायनिक व जैविक शस्त्रबंदीच्या करारांना कुठे भगदाड पडू शकेल, हे वेळीच ओळखणं हा तिचा हेतू. राली इथल्या कंपनीपुढे ठेवलेला प्रश्न साधा होता: तुम्ही औषधं शोधायला जी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता, तिचा गैरवापर कसा होऊ शकेल?

लेखकांनी पुढे जे मोकळेपणाने लिहिलं आहे ते मला आकड्यांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. हा प्रश्न त्यांना तोवर कधी पडलाच नव्हता. इतकी वर्षं याच क्षेत्रात काढलेली, विषारीपणाचा अंदाज बांधणारी मॉडेल बनवलेली, इबोलावर आणि मज्जासंस्थेला घातक विषांवरही काम केलेलं. पण धोक्याची घंटा कधी वाजली नाही. जंतू किंवा विषारी रसायनं हाताळणाऱ्या प्रयोगशाळांनी सुरक्षेची काळजी घ्यायची असते, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. आपण मात्र संगणकापुढे बसून काम करतो, आपला त्याच्याशी काय संबंध, असं ते धरून चालले होते.

रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या प्रात्यक्षिकापासून चष्मा, हातमोजे, फ्यूम हूड, आम्ल पाण्यात ओतायचं की पाणी आम्लात, हे सगळं घोकून घेतात. तोच विद्यार्थी पुढे संगणकावर रेणू रचायला लागला की ही शिकवण मागे राहते, कारण तिथे हात भाजत नाही. जिथे इजा स्वतःला होत नाही तिथे सावधपणा आपोआप येत नाही; तो शिकवावा लागतो, आणि तो शिकवलेला नव्हता.

वजाच्या जागी अधिक

कंपनीच्या मॉडेलचं नाव मेगासिन. त्यात दोन भाग होते असं समजावं. एक भाग नवे रेणू रचतो. रेणूची रचना अक्षरांच्या ओळीत लिहिता येते, त्यामुळे भाषेचं मॉडेल जसं पुढचा शब्द सुचवतं तसं हे मॉडेल रेणूचा पुढचा तुकडा सुचवत जातं. ते शिकलेलं होतं सार्वजनिक संग्रहातल्या, औषधासारख्या रेणूंवरून. दुसरा भाग प्रत्येक रेणूला गुण देतो. शरीरातल्या ज्या प्रथिनावर औषधाने काम करायचं आहे त्यावर हा रेणू काम करील असा अंदाज आला की गुण वाढतात. तो विषारी ठरेल असा अंदाज आला की गुण कापले जातात. मग जास्त गुणांच्या दिशेने पुन्हा नवी रचना, पुन्हा गुण, असं चक्र चालत राहतं.

भाषणाच्या तयारीसाठी त्यांनी यातली एकच गोष्ट फिरवली. विषारीपणासाठी गुण कापायच्या ऐवजी द्यायला सुरुवात केली. यंत्र नवीन नव्हतं, गुप्त माहिती कुठून मिळवली नव्हती. मेगासिन ज्या धर्तीवर उभं आहे तशी सॉफ्टवेअर कुणालाही उघडपणे मिळतात, हेही लेखकांनी सांगितलं आहे.

या टप्प्यावर वाचणाऱ्याच्या मनात पहिला उपाय येतो तो असा: मग त्या मॉडेलला विषाचं ज्ञान द्यावंच कशाला? त्याला फक्त चांगलंच शिकवावं. हा उपाय इथे चालत नाही, आणि का चालत नाही हे नीट समजून घ्यायला हवं. पोटात जाणारी गोळी यकृताला, हृदयाला, मज्जातंतूंना इजा करणार नाही ना, हे ठरवायचं तर इजा कशाने होते हे आधी ठाऊक असावं लागतं. रोग्याला वाचवणारं ज्ञान आणि माणूस मारणारं ज्ञान ही दोन वेगळी कपाटं नाहीत. विषारीपणाचा अंदाज जितका अचूक, तितकं औषध सुरक्षित. आणि तितकीच उलटी वाटही मोकळी. मॉडेल सुधारायचं आणि धोका मात्र वाढू द्यायचा नाही, हे अशा क्षेत्रात नुसत्या सदिच्छेने जमत नाही.

व्हीएक्स कुठून आलं

शोधाची दिशा ठरवण्यासाठी त्यांनी व्हीएक्ससारख्या संयुगांकडे मोर्चा वळवला. मिठाचे काही कण मावतील एवढं, म्हणजे ६ ते १० मिलिग्रॅम व्हीएक्स माणसाचा जीव घ्यायला पुरतं. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी क्वालालंपूरच्या विमानतळावर उत्तर कोरियाच्या सत्ताधाऱ्याचा सावत्र भाऊ किम जोंग नाम याच्या चेहऱ्याला तेच फासलं गेलं, आणि रुग्णालयात नेताना वाटेतच तो गेला.

या विषाचा इतिहास प्रकरणाशी थेट जोडलेला आहे. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ आयजी फार्बेन कंपनीत कीटकनाशक शोधत होते. पिकावरची कीड मारायची, धान्य वाचवायचं, एवढाच उद्देश. त्यातून टॅबून हे जहाल विष सापडलं. त्याच्या नुसत्या संपर्काने श्राडर आणि त्यांच्या सहायकाचा श्वास कोंडला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या. लष्कराच्या उपयोगाचे शोध सरकारला कळवण्याचं बंधन नाझी राजवटीत होतं. ते कळवले गेले, आणि कीटकनाशकाचं अस्त्र झालं. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत रणजित घोष हे कीटकनाशकांवरच काम करत होते. त्यांच्या संशोधनातून आलेलं अमिटॉन १९५४ मध्ये बाजारातही आलं, पण ते माणसाला फार घातक आहे हे कळल्यावर मागे घेतलं गेलं. तोच धागा पोर्टन डाउनच्या लष्करी संशोधन केंद्राने उचलला आणि त्यातून व्हीएक्सपर्यंत वाट निघाली.

म्हणजे ‘उपयोगी शोधाचं विष होणं’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेने आणलेली गोष्ट नाही. श्राडरना आणि घोषना ते अपघाताने सापडलं. एक संयुग बनवायचं, तपासायचं, मग दुसरं, यात वर्षं जायची. मेगासिनच्या बाबतीत अपघात नव्हता. ‘असंच काहीतरी हवं’ एवढं सांगितलं, आणि सहा तासांत चाळीस हजार उमेदवार.

ही विषं काय करतात हे विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. त्या फवाऱ्यांमध्ये ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकंही होती. स्नायूला मिळालेला ‘आकुंचन पाव’ हा निरोप पुसून टाकण्याचं काम शरीरातलं एक विकर (एन्झाइम) करतं; ही रसायनं त्याच विकराला निकामी करतात. निरोप पुसलाच जात नाही. घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, आणि शेवटी श्वास बंद. व्हीएक्स याच कुळातलं, फक्त कितीतरी पटींनी जहाल. शेतातलं औषध आणि युद्धातलं अस्त्र यांच्यात मात्रेचा आणि रचनेतल्या थोड्या फरकाचा पडदा आहे, हे आपल्याकडे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

यादीत काय निघालं

चाळीस हजार हा आकडा मथळ्यांत गाजला, पण चाळीस हजार रेणू कागदावर काढणं कुठल्याही संगणकाला जड नाही. मला धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीने. ज्या माहितीवर मॉडेल शिकलं तिच्यात ही नर्व्ह एजंट, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणारी विषं, नव्हती. तरी ते व्हीएक्सपर्यंत पोचलं, आणि व्हीएक्सवर न थांबता इतर अनेक ज्ञात रासायनिक अस्त्रांच्या रचनाही त्याने काढल्या. सार्वजनिक रसायनसंग्रहातल्या रचनांशी ताडून शास्त्रज्ञांनी त्या ओळखल्या. ज्याचं नाव कुणी शिकवलं नव्हतं ते मॉडेलने आजूबाजूच्या माहितीवरून स्वतः गाठलं.

घातक गोष्टी शिकवणीतून वगळल्या की मॉडेल निर्धोक होतं, हा समज आजही पुष्कळ ठिकाणी आहे. वगळणं उपयोगी आहे, त्याने अडचण नक्की वाढते. पण सक्षम मॉडेलच्या बाबतीत ती पुरेशी हमी नाही, याचा हा २०२१ मधलाच पुरावा आहे, आणि तेही आजच्या मोठ्या भाषा-मॉडेलांच्या मानाने किरकोळ म्हणावं अशा यंत्राने दिलेला.

यादीत याशिवाय कुठल्याही संग्रहात नसलेले रेणूही होते. त्यातल्या अनेकांचा विषारीपणा ज्ञात अस्त्रांपेक्षा जास्त असेल असा मॉडेलचा अंदाज होता. त्यातला एकही रेणू शास्त्रज्ञांनी बनवला नाही, बनवायचा विचारही नव्हता. यादी आणि बारकावे त्यांनी प्रसिद्ध केले नाहीत.

आक्षेप, आणि त्यातले खरे किती

लेख आल्यावर जाणत्या रसायनशास्त्रज्ञांनी काही आक्षेप घेतले आणि ते हलक्यात काढण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की अंदाज म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. विषारीपणाची भाकितं करणारी मॉडेल चुकतात. परिचित रेणूंपासून दूर गेलं की जास्तच चुकतात. यादीतले कितीतरी रेणू प्रत्यक्षात निरुपद्रवी निघतील, कितीतरी बनवताच येणार नाहीत, कितीतरी बनल्याबरोबर विघटन पावतील. हे खरं आहे. पण औषध शोधतानाही हेच असतं. तिथेही यादीतले बहुतेक रेणू वाया जातात आणि तरी कंपन्या हे तंत्र वापरतात, कारण हजारातून दहा मिळाले तरी काम होतं. वाईट हेतूच्या माणसालाही दहाच पुरतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याला माणसं मारायची आहेत त्याला नवा रेणू हवाच कशाला? जुनी विषं ठाऊक आहेत, अडचण ती बनवण्याची आहे. या आक्षेपाचा पुरावा म्हणून जपानमधल्या ओम शिनरिक्यो पंथाकडे बोट दाखवता येतं. त्यांच्याकडे पैसा होता, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, सारिन हे व्हीएक्ससारखंच मज्जासंस्थेवरचं विष बनवण्यासाठी त्यांनी स्वतंत्र कारखाना उभारला होता, थोडं व्हीएक्सही बनवून वापरलं होतं. इतकं असूनही २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्यांनी वापरलेलं सारिन अशुद्ध होतं आणि पसरवण्याची रीत ओबडधोबड. त्या हल्ल्यामुळे एकूण चौदा माणसं गेली, हजारोंना बाधा झाली. शुद्ध सारिन असतं तर काय झालं असतं याचा विचारही नकोसा वाटतो. रेणू ठाऊक असणं आणि तो हातात असणं यांत मोठं अंतर आहे, हे यातून दिसतंच.

मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष मी वेगळा काढतो. सुरक्षितता मेगासिनच्या आत कुठे नव्हती. आत होतं फक्त एक वजाचं चिन्ह, आणि ते बदलायला फारसं काही लागलं नाही. सुरक्षितता होती ती सगळी बाहेर: कच्चा माल मिळवण्याची अडचण, बनवणाऱ्याचा जीव जाण्याची भीती, अनुभवी हात, विक्रेत्याला येणारा संशय, कायदा. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की पुढची, अधिक सक्षम यंत्रं या बाहेरच्या अडचणींचं काय करतात.

आणि नवा रेणू हवाच कशाला, याचंही एक उत्तर आहे. रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी लागू झाला. त्यात ‘बंदी घातलेल्या हेतूने वापरलेलं कुठलंही विषारी रसायन’ बसतं, म्हणजे कायद्याची व्याख्या भरपूर रुंद आहे. रोजची तपासणी, परवाने, सीमाशुल्क मात्र चालतात ते अनुसूचीतल्या, म्हणजे कराराला जोडलेल्या रसायनांच्या यादीतल्या, नावांवर. नोव्हिचॉक गटातली रसायनं सॉल्सबरीचा हल्ला होऊन गेल्यानंतर, २०१९ मध्ये अनुसूचीत घालायचं ठरलं आणि जून २०२० पासून ते अमलात आलं. यादीत नाव चढायला आधी हल्ला व्हावा लागला. यादीबाहेरचे रेणू हजारांनी सुचवू शकणाऱ्या यंत्रापुढे नावांच्या यादीवर चालणारा पहारा किती पुरा पडेल?

अडचणी कमी होत आहेत

डिसेंबर २०२३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये कोसायंटिस्ट नावाच्या व्यवस्थेबद्दल लिहिलं. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ या भाषा-मॉडेलच्या आधाराने चालणारी ही व्यवस्था साध्या भाषेतली सूचना घेऊन इंटरनेटवर शोध घेते, उपकरणांची माहितीपत्रकं वाचते, यंत्रमानवासाठी प्रोग्राम लिहिते, आणि तिने पॅलेडियम उत्प्रेरक वापरून होणाऱ्या अभिक्रिया प्रत्यक्ष करून दाखवल्या. या संशोधकांनीही गैरवापराचा विचार आधीच केला आणि संरक्षक उपायांची मागणी केली, हे नोंदवायला हवं.

मेगासिन फक्त रेणू सुचवत होतं. रेणू बनवण्याचा मार्ग सुचवणारी सॉफ्टवेअर वेगळी मिळतात. मागणीनुसार संयुग बनवून देणाऱ्या कंपन्या जगभर आहेत, आणि त्यांच्यावरचं नियंत्रण तोकडं आहे अशी चिंता मूळ लेखातही होती. आजवर हे तुकडे वेगवेगळे होते. जोडायला जाणकार माणूस लागायचा. तो माणूस वर्षानुवर्षं शिकलेला असायचा, त्याचे शिक्षक, सहकारी, परवाने असायचे. त्यातला कुणीतरी ‘हे कशाला हवंय?’ असं विचारायचा. प्रगत, सर्वसाधारण कामं करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हे तुकडे जोडायला लागली की मधला तो विचारणारा माणूस गळतो. यंत्राने विषाचं सूत्र सांगण्याची भीती मला दुय्यम वाटते. खरी भीती या गळण्याची आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हे कळलेलं आहे. २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने आपल्या एका नव्या मॉडेलसाठी जास्त कडक सुरक्षेचा टप्पा लागू केला. रासायनिक, जैविक, अणू अस्त्रांच्या बाबतीत विज्ञानाचं जुजबी शिक्षण असलेल्या माणसाला हे मॉडेल मोठी मदत करू शकणार नाही, असं ठामपणे म्हणता येत नाही, हे त्याचं कारण. त्याच वर्षी ओपनएआयनेही जीवशास्त्राच्या बाबतीत तशीच खबरदारी जाहीर केली. ही पावलं स्वागतार्ह आहेत. पण ती कंपन्यांनी स्वतःवर घातलेली बंधनं आहेत. स्पर्धा वाढली की ढिली करणंही त्यांच्याच हातात. शिवाय जी मॉडेल पूर्णपणे उतरवून घेता येतात त्यांना ही बंधनं लागूच होत नाहीत. आणि मेगासिनसारखी, एकाच विषयातली छोटी मॉडेल तर या चर्चेत येतच नाहीत, कारण ती ‘प्रगत’ दिसत नाहीत.

सांगावं की लपवावं

लेख प्रसिद्ध करावा की नाही, हाही या प्रकरणाचा भाग आहे. न सांगितलं तर क्षेत्रातले हजारो लोक त्याच गाफीलपणात राहतात. सांगितलं तर एखाद्याला कल्पना सुचते. लेखकांनी मधला मार्ग घेतला: काय केलं ते सांगितलं, रेणू सांगितले नाहीत. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. कल्पना अशी होती की ती कुणालाही, कधीही सुचली असती. ती कळल्याने बचाव करणाऱ्यांचाच जास्त फायदा झाला. त्यांनी सुचवलेले उपायही व्यवहारी होते. मॉडेल सरसकट मोकळं न करता नोंदणी करून, मर्यादित प्रवेशाने वापरायला द्यावं. शंकास्पद प्रकार कळवायला संपर्कव्यवस्था असावी. विद्यार्थ्यांना या दुहेरी वापराचं शिक्षण द्यावं, आणि रसायनशास्त्रज्ञांसाठी असलेली हेगची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं संगणकावर काम करणाऱ्यांनाही लागू धरावीत.

याच वाटेने पुढे गेलेलं एक काम ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने विषारी प्रथिनांची रचना अशी बदलता येते का हे तपासलं, की डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्यांच्या छाननीत ती ओळखूच येऊ नयेत. बदलता आली. त्यांनी आधी छाननीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सांगितलं, दुरुस्ती होऊ दिली, मग लेख छापला, आणि संवेदनशील माहिती पडताळणी करूनच देण्याची सोय केली. दुरुस्तीनंतरही थोडे नमुने निसटत होतेच. तरी हा क्रम, म्हणजे आधी भोक बुजवणं आणि मग गाजावाजा, अनुकरण करण्याजोगा आहे. मेगासिनच्या लेखकांना तो शक्य नव्हता, कारण रसायनांच्या बाबतीत बुजवायला अशी एक ठरलेली छाननीच नव्हती.

रासायनिक अस्त्रबंदी संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मोरोक्कोतल्या रबात शहरात कृत्रिम बुद्धिमत्तेवर खास जागतिक परिषद घेतली. श्पीत्सच्या त्या प्रश्नापासून इथवर यायला तीन वर्षं लागली. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या चालीने हा वेग वाईट नाही, तंत्रज्ञानाच्या चालीने मात्र फार कमी आहे.

आपल्याकडे पाहताना

भारत या कराराचा सदस्य आहे, आपल्याकडचा जाहीर केलेला रासायनिक अस्त्रांचा साठा २००९ पर्यंत नष्ट केला गेला, आणि २००० सालचा स्वतंत्र कायदाही आहे. त्यात आपली नोंद चांगली आहे. पण तारापूर, महाड, लोटे, पाताळगंगा हे आपले रासायनिक पट्टे आहेत, पुणे-मुंबईत औषधशोधाचं कंत्राटी काम चालतं, आणि संगणकावर रेणू शोधणारी तरुण मुलंमुली इथल्या महाविद्यालयांत आणि कंपन्यांत आज काम करत आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांची स्थिती राली इथल्या शास्त्रज्ञांची २०२१ पूर्वी होती तशीच असणार: हेतू चांगला, कौशल्य उत्तम, आणि हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

म्हणून माझी मागणी मोठ्या यंत्रणेची नाही. ज्या संस्थेत रेणू रचणारं मॉडेल चालतं तिथे तीन गोष्टी लेखी असाव्यात. मॉडेलच्या गुणांकनाला कोण हात लावू शकतं आणि त्याची नोंद कुठे राहते. मॉडेल किंवा त्याने शिकलेले आकडे बाहेर कुणाला, कुठल्या अटीवर दिले जातात. आणि अनोळखी गिऱ्हाइकाने यादीबाहेरचा, ऑर्गनोफॉस्फरस गटातला नवा रेणू बनवून मागितला, तर ‘अनुसूचीत नाव नाही’ एवढ्यावर काम सुरू न करता ‘कशाला हवाय?’ हे विचारण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या माणसाची आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात हे प्रकरण दोन तासांत शिकवून होतं. मूळ लेख तीन पानांचा आहे, गणित जवळपास नाही, आणि तो वाचून झाल्यावर वर्गात एकच काम द्यावं: तुम्ही या वर्षी बनवलेलं मॉडेल घ्या, त्यातलं कुठलं चिन्ह फिरवलं तर काय होईल ते कागदावर लिहा, आणि तो कागद मार्गदर्शकाला दाखवा.